जुना जपानी ड्रमसेट घेताय? आधी ओट्यावर ठेवून बघा

गेल्या थंडीत भाच्याचा फोन आला. "मामा, देवळाली कॅम्पात एक ड्रमसेट विकायला आहे. लाल चमकीचा, जुना. ४० हजार म्हणतायत. घेऊन टाकू का?"

"कुठला आहे?"

"जपानी आहे मामा. मेड इन जपान लिहिलंय ना बिल्ल्यावर!"

एवढ्या एका ओळीवर लोक पैसे मोजून मोकळे होतात. मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात ३० वर्षं इन्स्पेक्शनला होतो आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचो. दिवसा व्हर्निअर, म्हणजे मोजमापाचं हत्यार, रात्री काठ्या. त्यामुळे जुना ड्रम समोर आला की मला तो आधी मोजावासा वाटतो, वाजवावासा नंतर. भाच्याला म्हटलं, रविवारी जाऊ, पण तोवर काय बघायचं ते समजून घे. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, आणि रविवारी काय झालं तेही.

आधी एक गंमत. हे सेट आपल्याकडे माळ्यावर का सापडतात? १९९१ च्या आधी परदेशी वाद्य दुकानात जाऊन आणायची सोय नव्हती. बोटीवर काम करणारा कुणी, आखातातून सुट्टीवर आलेला कुणी, नाहीतर मुंबईच्या कुठल्या बँडकडून जुनं घेतलेलं, अशा वाटांनी ड्रमसेट नाशिकला यायचा. देवळालीतले बंगले, शरणपूर, नाशिक रोडची जुनी घरं, इथे असा एखादा सेट अजूनही चादरीखाली निघतो. लग्नाच्या आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात तो वर्षानुवर्षं वाजला. मग १९८५ साली जपानच्याच रोलँड कंपनीने ऑक्टोपॅड काढला. आठ रबरी पॅड, एक स्टँड, रिक्षात मावतो. ड्रमसेटला टेम्पो लागायचा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रावाल्यांनी हळूहळू टेम्पो सोडला. जपानी ड्रमला माळ्यावर चढवलं ते जपाननेच.

"जपानी" म्हणजे कोणता जपान?

९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेत पहिल्यांदा टीव्हीवर थेट वाजले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिलं आणि घरोघरच्या पोरांना मागे बसलेल्या रिंगो स्टारसारखा ड्रमसेट हवासा झाला. रिंगोचा सेट लडविगचा, अमेरिकन बनावटीचा आणि महाग. बापाच्या खिशाला झेपेल असा सेट हवा, तर तो जपानकडे होता.

पर्ल कंपनीचंच बघा. १९४६ साली काट्सुमी यानागिसावा यांनी म्युझिक स्टँड बनवायला सुरुवात केली, १९५० पासून ते ड्रमकडे वळले. १९६१ साली चिबामध्ये कारखाना टाकला तो मुख्यतः स्वस्त सेट काढायला, आणि तेही स्वतःच्या नावाने नव्हे. वितरक सांगेल ते नाव. मॅक्सविन, स्टुअर्ट, अपोलो, मॅजेस्टिक, कोरोनेट... अशी तीसहून जास्त नावं एकाच कारखान्यातून बाहेर पडली. आपल्याकडे एकाच गिरणीचं पीठ वेगवेगळ्या पिशव्यांत भरून विकतात ना, तसंच. होशिनो कंपनीचे ड्रम १९६२ पासून "स्टार" नावाने यायचे, त्यांनीही हाच धंदा केला. यामाहा १९६७ साली ड्रममध्ये उतरली.

हा झाला पहिला जपान. दुसरा जपान साधारण १९७० च्या दशकाच्या मध्यापासून सुरू होतो. १९७४ मध्ये होशिनोने "टामा" हे नाव घेतलं आणि स्वस्ताची नक्कल सोडून व्यावसायिक वादकांसाठी सेट काढायला लागली. टामाचा इंपीरियलस्टार, सुपरस्टार, यामाहाचा ९००० मालिकेतला बर्च लाकडाचा सेट, जो पुढे रेकॉर्डिंग कस्टम म्हणून ओळखला गेला, ही सगळी त्या काळातली. स्ट्युअर्ट कोपलंड "द पोलीस" नावाच्या रॉक बँडमध्ये इंपीरियलस्टार वाजवायचा. स्टीव्ह गॅडसारखा नावाजलेला अमेरिकन ड्रमर यामाहावर बसायचा. हे काही हौशी पोरांचे सेट नव्हेत.

दोन्हींच्या बिल्ल्यावर "जपान" लिहिलेलं असतं. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असायला हवा. आणि तिसरा गोंधळ असा की नाव पर्ल, यामाहा किंवा टामा असलं तरी माल जपानमध्येच बनला असेल असं नाही. पुढे यांचं बरंचसं उत्पादन तैवान, चीन, इंडोनेशियात गेलं. तो माल वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण "जुना जपानी" म्हणून भाव सांगत असतील तर देशाचं नाव डोळ्यांनी वाचा.

भाच्याने बिल्ल्याचा फोटो पाठवला. इंग्रजी नाव, कधी ऐकलेलं नाही, खाली बारीक अक्षरात "मेड इन जपान". म्हणजे पहिला जपान. शेलच्या, म्हणजे ड्रमच्या नळकांड्याच्या, बाहेर पडदा ताणायचे रॉड अडकवायला जे धातूचे ठोकळे असतात त्यांना लग म्हणतात. कारखाना ओळखायचा असेल तर लगचा आकार बघावा. बिल्ला वितरक ठरवायचा, साचे कारखान्याचे असायचे. पण खरं सांगू, कारखाना कळून तुमच्या हातात फारसं काही पडत नाही. समोरचा ड्रम गोल आहे का, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

तीन खण

इन्स्पेक्शनला असताना प्रत्येक जॉबचे तीन ढीग व्हायचे: पास, रिवर्क आणि भंगार. जुन्या ड्रमच्या प्रत्येक भागालाही मी तेच विचारतो. हा भाग दुकानात नवा मिळेल का? नसेल तर सातपूर-अंबडला कुणी बनवून देईल का? की दोन्ही नाही?

हेड, म्हणजे ज्यावर आपण वाजवतो तो पडदा, दुकानात मिळतो. तो फाटला असेल तर घाबरू नका. स्नेअरच्या, म्हणजे तारांमुळे खरखरणाऱ्या ड्रमच्या, खालची तारांची जाळी, पेडल, स्टँड, हेसुद्धा मिळतं. रॉड, ब्रॅकेट, पाय, बुश, हे लेथवर बनतं. नाशिकसारख्या गावात हा फार मोठा आधार आहे, कारण दोन तुकड्यांचं काम घ्यायला तयार असलेला टर्नर अजून सापडतो. शेल मात्र तिसऱ्या खणातलं. लाकडी नळकांडं वाकलं, फुगलं, किडलं की संपलं. म्हणून तपासणीचा पाऊण वेळ शेलवर घालवायचा. लोक नेमकं उलटं करतात. क्रोम चमकतंय का ते बघतात आणि शेल आतून बघतच नाहीत.

गोल आहे का, आणि किती मापाचं आहे

१९६० च्या दशकातल्या स्वस्त जपानी सेटचं शेल बहुतेक वेळा लवानचं असतं. लवान म्हणजे फिलिपिन्सकडचं लाकूड, बाजारात त्याला "फिलिपिन महोगनी" म्हणायचे, पण खऱ्या महोगनीशी त्याचं नातं नाही. पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून त्याचं नळकांडं करायचं. तीन थरांचं पातळ शेल स्वतःहून गोल राहत नाही, म्हणून वर-खाली आतून एकेक लाकडी कडं चिकटवतात. टोपलीला काठाशी जाड बांधणी असते, त्याच कारणासाठी. हे कडं जागेवर घट्ट आहे का, त्याच्या आणि शेलच्या मधे नख जातं का, ते बघा. नख जात असेल तर तिथला डिंक सुटलाय. लवान स्वस्त आहे म्हणून तुच्छ मानू नका हं. मऊ, ऊबदार, थोडासा घुमणारा आवाज देतं ते. टामाच्या इंपीरियलस्टारलाही ९ थरांचं लवानच होतं. फरक जाडीचा, डिंकाचा आणि घडाईच्या नेटकेपणाचा.

आता मोजणी. हेड आणि रिम, म्हणजे हेड दाबून धरणारं पत्र्याचं कडं, काढायला लावा. विकणारा कुरकुरला तरी काढायला लावा. टेपने व्यास चार ठिकाणी मोजा: घड्याळात १२ ते ६, ३ ते ९ आणि मधले दोन तिरपे. चारही आकडे १-२ मिलिमीटरच्या आत असतील तर छान. ३ पर्यंत मी चालवून घेतो. ५ आला की हात जोडतो. हेडची कडी कारखान्यातून अगदी गोल येते. शेल लंबगोल असेल तर ती एका बाजूला घासते, दुसऱ्या बाजूला सैल राहते, आणि तुम्ही कितीही चावी फिरवा, सूर एकसारखा लागत नाही. तबल्याच्या पुडीला एका घरात गट्टा घट्ट आणि समोरच्या घरात वादीच सैल असेल तर जे होतं, तेच.

पण गोल असणं पुरेसं नाही. मापही बरोबर हवं. जुन्या जपानी सेटची ही खोड फार थोड्यांना ठाऊक असते. १४ इंची ड्रम म्हणजे शेल बरोबर १४ इंच, असं नसतं. हेडची कडी शेलवर टोपीसारखी बसते, म्हणून शेल ३ मिलिमीटरच्या आसपास लहान ठेवतात. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, तर शेल साधारण ३५२ हवं. काही जुनी शेल मात्र जवळजवळ पूर्ण मापाची निघतात, वर जाड प्लास्टिकचं आवरण. मग आजचं हेड त्यावर बसतच नाही, किंवा हातोडीने ठोकून बसवावं लागतं, आणि ठोकून बसवलेलं हेड सुरात येत नाही.

हे तपासायला व्यास मोजण्यापेक्षा घेर मोजा. शिंप्याची टेप शेलभोवती, अगदी काठाजवळ, आवरणावरून गुंडाळा. घेराला ३.१४ ने भागलं की सरासरी व्यास मिळतो, शेल थोडं लंबगोल असलं तरी. ३५२ च्या शेलचा घेर सुमारे ११०६ मिलिमीटर येतो. पूर्ण १४ इंचाचा १११७ येतो. व्यासातला साडेतीन मिलिमीटरचा फरक घेरात ११ होऊन दिसतो, डोळ्यांना सहज कळतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे जाताना एक नवं हेड बरोबर घेऊन जाणं. ते अलगद उतरलं आणि बोटाने फिरवलं तर फिरलं, म्हणजे माप जमलं.

मग काठ. शेलच्या ज्या धारेवर हेड टेकतं तिला बेअरिंग एज म्हणतात. ड्रमचा सगळा आवाज या धारेवरून जातो, कारण हेडचा आणि लाकडाचा संबंध तेवढाच. आपल्या नाशिक ढोलाच्या काठाला थोडा खळगा पडला तरी ढोल गर्जतो, त्याचं काम गर्जणं आहे. टॉमला, म्हणजे सेटमधल्या तारा नसलेल्या, काठीने वाजवायच्या ड्रमला, सूर धरायचा असतो. धार कुठे दबली, ठेचली की तिथे हेड हवेत राहतं आणि आवाजात फरफर येते.

यासाठी ओटा. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा ही घरात मिळणारी सगळ्यात सपाट जागा. ग्रॅनाइट नसेल तर जाड काचेचं टेबल. कडप्पा मात्र चालत नाही, त्याला हलकी लाट असते. ओटा पुसा, शेल त्यावर उपडं ठेवा, आत मोबाईलचा टॉर्च लावून टाका, खोलीतला दिवा मालवा आणि डोळा ओट्याच्या पातळीवर आणून शेलभोवती बघत फिरा. प्रकाशाची रेघ जिथून बाहेर येते तिथे धार ओट्याला टेकत नाही. केसाएवढी रेघ एखाद्या ठिकाणी असेल तर पॉलिश पेपरने निघते. कागदाचा पुठ्ठा सरकेल एवढी फट असेल तर धार नव्याने कापावी लागेल, आणि ते काम फर्निचरवाल्या सुताराला देऊ नका. माझ्या ओळखीच्या एकाने दिलं होतं. सुताराने प्रामाणिकपणे टेबलाच्या कडेसारखी गुळगुळीत गोलाई मारून दिली. तो टॉम आता त्यांच्या घरी कुंडी ठेवायला वापरतात.

रिमही तशीच ओट्यावर ठेवा. चार ठिकाणी बोटाने दाबा. डुगडुगली तर वाकलेली आहे. जुन्या स्वस्त सेटच्या रिमचा पत्रा पातळ असतो, दीड मिलिमीटरच्या आसपास, तर चांगल्या रिमचा २.३. पातळ रिम जास्त ताणाखाली लगच्या जागी खाली ओढली जाते. सुदैवाने रिम पहिल्या खणातली आहे, फक्त भोकं मोजून घ्या. ६ लगच्या टॉमला ६ भोकांचीच रिम लागते, आणि दुकानदार घाईत ८ ची देतो.

ठोकून, हुंगून

माठ घेताना आपण काय करतो? डाव्या हातावर घेऊन उजव्या हाताच्या बोटाने टिचकी मारतो. खणखणला तर घेतो, बद्द वाजला तर खाली ठेवतो. शेललाही तेच करा. बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करत फिरा. एखाद्या ठिकाणी आवाज एकदम मरतो किंवा आत काहीतरी खुळखुळल्यासारखं वाटतं, तिथे थर सुटलेत. लहान जागा असेल तर डिंक भरून शिकंजात दाबता येतं. हाताच्या पंजाएवढी असेल तर सोडा.

नाक आत घाला. ओलसर कुबट वास आला तर सेट पावसाळ्यात जमिनीवर होता. खालच्या काठाचं लाकूड फुगलंय का ते त्यावरून बघायचं. आणि आत कुठे बारीक पिठासारखा भुसा पडलाय का, टाचणीएवढी भोकं आहेत का तेही बघा. पोखरणाऱ्या किड्याला लवान आवडतं. जुनी कोरडी भोकं चालतील, पण भोकातून ताजं पीठ झडत असेल तर तो सेट घरातल्या लाकडी कपाटाशेजारी आणू नका, फुकट दिला तरी.

मुंबईहून आलेल्या सेटला गंज जास्त, नाशिकच्या माळ्यावर राहिलेल्याला कमी. आपल्याकडचा त्रास वेगळा. उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली जातो. लाकूड आणि प्लास्टिकचं आवरण वेगवेगळ्या वेगाने आकसतात. आवरण आखडून जोडाशी उघडतं. हा जोड बहुतेक वेळा बिल्ल्याच्या किंवा लगच्या आसपास असतो. तिथे चोच उघडली असेल तर भाव कमी करायला बरं कारण आहे, ड्रम नाकारायला नाही. खरा रंग बघायचा असेल तर रिमखालची पट्टी बघा. उन्हाने बाकीचं शेल फिकटलेलं असतं, तिथे मूळ लाल तसाच राहतो.

चारही भावंडं आहेत ना?

जुन्या सेटमध्ये दत्तक घेतलेली मुलं बरीच असतात. बेस ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, एका सेटचा, टॉम दुसऱ्याचा, स्नेअर तर हमखास तिसऱ्याचा. सगळ्यांचे लग एकाच आकाराचे आहेत का, आतला रंग किंवा पॉलिश एकसारखं आहे का, हवेचं भोक एकाच पद्धतीचं आहे का, हे बघितलं की कळतं. दत्तक टॉम वाजायला उत्तम असू शकतो. मात्र "ओरिजिनल सेट" म्हणून पैसे द्यायचे नाहीत. नंतर पाडलेली भोकंही मोजा. बेस ड्रमच्या डोक्यावर टॉम बसवायची जागा कमकुवत असते, तिथे कुणीतरी जाड पाइपची नवी ब्रॅकेट ठोकलेली असते आणि त्याभोवती शेलला बारीक तडे गेलेले असतात. आतून हात फिरवा, तडा बोटाला लागतो.

लग, ब्रॅकेट, हे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले. ते ठिसूळ असतात. तुटले तर वेल्डिंगवाला म्हणेल "करून देतो", आणि वितळवून देईल. एखादा लग फुटला असेल तर पितळी बारमधून तसाच बनवून क्रोम करून घेता येतो, पण सहा बनवायला गेलात तर ड्रमच्या किमतीहून जास्त बिल होईल. वरवरचा गंज असेल तर स्वयंपाकाची अॅल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, चरे पडत नाहीत आणि गंज निघतो. खड्डे मात्र राहतात.

प्रत्येक रॉड बोटाने फिरवून बघा. आटे अडत असतील तर चावी लावून रेटू नका. जुन्या सेटमध्ये कुणीतरी वेगळ्या आट्यांचा रॉड घुसवलेला असतो, आणि आणखी एक पीळ दिलात की लगच्या आतला नट जातो. एक चांगला रॉड काढून खिशात घाला, आट्यांचं माप टर्नरला दाखवायला तोच लागतो.

स्नेअरचा खटका, म्हणजे तारा वर-खाली करणारा तो लिव्हर, चालू आहे का ते दहा वेळा करून बघा. जुन्या स्वस्त सेटमध्ये पहिली मरणारी गोष्ट हीच. नवा खटका मिळतो, पण त्याची भोकं जुन्या भोकांवर बसत नाहीत.

सिंबलचा, म्हणजे काठीने वाजवायच्या धातूच्या थाळ्यांचा, विचारच करू नका. चांगलं सिंबल हे कासं असतं, बहुतेक वेळा सुमारे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. या सेटांबरोबर यायचा तो पितळी पत्रा, म्हणजे तांबं आणि जस्त. आपल्या तांबट आळीतल्या कुणालाही डोळे मिटून ऐकवा, ताट वाजलं की टाळ, ते लगेच सांगतील. विकणाऱ्याने सिंबलचे वेगळे पैसे लावले असतील तर ती त्याच्याकडेच ठेवा.

भाव

जुन्या सेटचा भाव बोलण्याआधी हेड मोजा. चार ड्रम, प्रत्येकाला दोन बाजू, म्हणजे ८ हेड. लोक वरची चार धरतात आणि खालची विसरतात. खालचं हेड वर्षानुवर्षं बदललेलं नसतं आणि अर्धा सूर त्याच्यावर असतो. आमचा हिशेब असा झाला: ८ हेड साडेपंधरा हजार, पेडल आणि हाय-हॅटचा, म्हणजे पायाने मिटणाऱ्या सिंबलच्या जोडीचा, स्टँड ९ हजार, खटका आणि लेथचं किरकोळ काम अडीच हजार. २७ हजार झाले, सेट अजून घेतलेलाच नाही. त्याच आठवड्यात शहरातल्या दुकानात नवा साधा सेट ५२ हजारांना सांगितला होता, पॉपलर लाकडाचा, स्टँड-पेडलसकट. ५२ वजा २७, म्हणजे २५ हजार ही आमची वरची मर्यादा. जुन्यावर जीव जडला असेल तर तुम्ही त्याहून जास्त द्याल, द्या. पण तो जिवाचा भाव आहे, ड्रमचा नाही, हे वहीत वेगळ्या ओळीत लिहा.

हे गणित दुसऱ्या जपानला लागू होत नाही, हेही सांगतो. १९७०-८० च्या दशकातला पूर्ण बर्च यामाहा किंवा टामा सुपरस्टार, शेल गोल आणि धार शाबूत असेल, तर त्याची तुलना दुकानातल्या साध्या सेटशी करूच नका. त्याची जोड आजच्या व्यावसायिक सेटशी, आणि तिथे जुना स्वस्तच पडतो. असा कुणी सांगितला तर रविवारची वाट बघू नका.

रविवारी देवळालीत

विकणारे काका सत्तरीच्या पुढचे. सेट त्यांच्या थोरल्या भावाचा, तो आता नाही. व्हरांड्यात चादरीखाली चार ड्रम. काकांनी चहा दिला आणि आम्ही त्यांच्या स्वयंपाकघराचा ओटा मागितला. काकू आधी बघत राहिल्या, मग डबे उचलून जागा करून दिली.

१२ इंची टॉम सुंदर निघाला, चारही व्यास एका मिलिमीटरच्या आत, टॉर्चची रेघ कुठेच नाही. २० इंची बेस ड्रमला वर जुनी दोन भोकं, बुजवलेली, तडा नाही. फ्लोअर टॉम, म्हणजे जमिनीवर पायांवर उभा राहणारा टॉम, १४ इंची, घेर १११४. नवं हेड अडकलं. आवरणाचा जोड काठाशी थोडा तासावा लागणार, हे वहीत लिहिलं. स्नेअर लोखंडी, दुसऱ्याच कुणाचा, खटका गेलेला. एकंदर सेट घेण्यासारखा होता. मी भाच्याला डोळ्याने खुणावलं आणि काकांना म्हटलं, "काका, २० हजार. सिंबल तुम्ही ठेवा." त्यांनी २५ म्हटलं, मी कामाची यादी वाचून दाखवली, ते २२ वर आले. हात पुढे करणार, एवढ्यात भाच्याला राहवलं नाही.

त्याने टॉमवर आम्ही नेलेलं नवं हेड चढवलं, समोरासमोरचे रॉड जोडीने फिरवत सूर लावला आणि काठी मारली. व्हरांडाभर तो गोल, भरलेला आवाज पसरला. काकू आतून बाहेर आल्या. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हा असा वाजतो? भावाचा हाच आवाज होता. २४ च्या खाली देणार नाही मी."

२४ दिले. हेड तपासायला न्या, बसवून बघा, पण सूर लावायचा तो पैसे दिल्यावर.